आदल्या रात्रीचा मुक्काम

मैत्रिणींनो, पनवेलला घर असणं म्हणजे काय, ते पनवेलच्या सुनेलाच विचारावं. पुण्याचा आणि गोव्याचा असे दोन्ही रस्ते आमच्या गावाशी फुटतात. कोकणात जाणारी गाडी इथे थांबते, पुण्याला जाणारी एसटी इथे थांबते, आणि त्यांतून उतरलेली माणसं मग आमच्याकडे थांबतात. "तुमचं काय बाई, तुम्ही वाटेवरच!" असं म्हणत कुणी आत्या येते, कुणी भाचा, कुणी भाच्याच्या मित्राचे आईवडील. रात्री अकराला पिठलं टाकायचं, पहाटे चारला चहाचं आधण ठेवायचं आणि निघताना डब्यात पोळीभाजी भरून द्यायची. अठ्ठावीस वर्षं हे चाललंय. मला माणसांचा कंटाळा नाही, बरं का! पण कंबर शेवटी आपलीच असते.

हे आधी सांगते आहे, कारण पुढे जी चूक सांगणार आहे तिचं मूळ यातच आहे.

२०२३च्या जानेवारीत सासूबाईंना पंचाहत्तरावं लागलं. त्यांचं माहेर मालवणकडचं. लहानपणी त्या वर्षातून एकदा भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जात. डेकवर पथारी, शेजारी कोंबड्या, कुणाला बोट लागलेली, आणि मालवण आलं की बोट लांबच उभी राहायची. मग पडावात उतरून किनाऱ्याला यायचं. १७ जुलै १९४७ला, ऐन गटारीच्या दिवशी, रेवसला जाणारी 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर त्यांच्या आजीने कित्येक वर्षं घरातल्या कुणाला बोटीत बसताना पाहिलं की देव पाण्यात ठेवले. पण गावी जायचं म्हणजे बोट, दुसरा मार्ग कुठे होता? पुढे रस्ते झाले, बोटी बंद पडल्या, १९९८ला कोकण रेल्वे पुरी झाली, आणि बोटीचा विषय फक्त सासूबाईंच्या गप्पांत उरला.

२०१८ साली 'आंग्रिया' नावाची मुंबई-गोवा बोट निघाली तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण उशाखाली ठेवलं होतं. आम्ही जाऊ जाऊ म्हणेपर्यंत ती बंदही झाली. २०२१च्या सप्टेंबरपासून मुंबईहून मोठी सहलीची जहाजं परत निघू लागली. तेव्हा ह्यांनी ठरवलं, आईचं पंचाहत्तरावं बोटीवर. आम्ही दोघं, सासूबाई आणि नागपूरच्या वन्सं. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री.

वन्संचा फोन आला, "वहिनी, मी आदल्या दिवशी येऊ का? रात्री तुमच्याकडे राहीन, सकाळी सगळे मिळून निघू."

त्या आठवड्यात माझ्याकडे लागोपाठ तीन वेळा पाहुणे होऊन गेले होते. मी म्हटलं, "अहो, कशाला दगदग? जहाज संध्याकाळी सुटतं. सकाळच्या विमानाने या, थेट धक्क्यावर भेटू. एक दिवस वाचेल तुमचा." बोलायला किती गोड! मनात मात्र एवढंच होतं, की आणखी एक गादी घालायला नको.

नागपूरला सकाळी धुकं पडलं. साडेदहाला उतरायचं विमान दुपारी दोनच्या पुढे सांताक्रूझला उतरलं. सामान यायला अर्धा तास, पुढे बॅलार्ड पियरपर्यंत पंचवीसेक किलोमीटर मुंबईची दुपारची वाहतूक. जहाज पाच वाजता सुटणार होतं खरं, पण आमच्या तिकिटावर नोंदणी बंद होण्याची वेळ छापली होती साडेतीन. वन्सं दाराशी पोचल्या तेव्हा वीस मिनिटं उलटून गेली होती. आम्ही आत, त्या बाहेर. तिथल्या माणसांनी वाईट शब्द काढला नाही, नियमच तसा.

सासूबाई डेकवर कठड्याला धरून उभ्या होत्या. फोन मी त्यांच्या कानाला लावला. "अगं, रडू नको," एवढंच त्या लेकीला म्हणाल्या, आणि फोन मला परत दिला. जहाज सुटलं तेव्हा त्यांनी समुद्राकडे पाठ केली होती. त्या धक्क्याकडे बघत होत्या.

आता तुम्ही म्हणाल, तासाहून जास्त वेळ हातात असताना जहाजवाल्यांनी एका बाईला घ्यायला काय हरकत होती? मीही तेव्हा हेच म्हणाले होते, आणि बरीच तावातावाने. नंतर समजून घेतलं. मुंबई बंदरातून एवढं जहाज बाहेर काढायचं तर बंदराचा पायलट त्यावर चढावा लागतो, त्याची वेळ ठरलेली असते. जहाजावर कोण कोण आहे, त्याची यादी सुटण्याआधी पक्की करून द्यावी लागते. दारं बंद होतात ती या यादीसाठी. एसटीचा कंडक्टर घंटी मारून परत थांबवतो तसं इथे होत नाही. म्हणून तिकीट हातात आलं की जहाज सुटायची वेळ नाही, नोंदणी बंद व्हायची वेळ लाल पेनाने खुणा करून ठेवा. हिशेब त्या वेळेपासून मागे मोजत यायचं.

आणि दुसरं म्हणजे विमानाचं तिकीट आणि जहाजाचं तिकीट ही दोन परक्या घरची माणसं. एकाला उशीर झाला तर दुसऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. विमान कंपनी म्हणणार, आम्ही तुम्हाला मुंबईला पोचवलं. जहाज कंपनी म्हणणार, तुम्ही वेळेवर आला नाहीत. पैसे परत मिळत नाहीत. विमा काढला असेल तर त्यात 'पुढचा प्रवास चुकल्यास' असं काही कलम आहे का, आणि किती तास उशीर झाला तर ते लागू होतं, हे आधी वाचावं. आम्ही वाचलं नव्हतं. चुकलेल्या प्रवाशाला पुढच्या बंदरात चढता येतं का, ते कंपनीच्या परवानगीवर असतं. ती लगेच फोन करून मागावी लागते. वन्संना ते सुचलं नाही, मलाही नाही. तासादोन तासांत किनारा मागे पडला आणि फोनही गेला.

मग वन्सं गेल्या कुठे? पनवेलला. शेजारच्या काकूंकडून आमची किल्ली घेतली आणि ज्या घरात मी त्यांना एक रात्र नको म्हटलं होतं त्याच घरात तीन रात्री एकट्या राहिल्या. आम्ही परत आलो तर स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसलेल्या, डब्यांना नवी लेबलं, आणि गॅसवर पिठलं. "बोट लागली का हो कुणाला?" असं हसत विचारलंन्. त्या रात्री मला झोप नाही.

ह्यांना मी खरं कारण कितीतरी महिन्यांनी सांगितलं. वन्संना त्याहून उशिरा.

त्यानंतर यंदा, २०२६च्या फेब्रुवारीत, परत बेत आखला. यंदा मी वही घातली आणि एकेक गोष्ट स्वतः बघितली. ती वही उघडूनच पुढचं लिहिते आहे, कारण आपल्या ओळखीत आता बऱ्याच जणी बोटीवर निघाल्या आहेत.

मधल्या तीन वर्षांत आमच्या पनवेलचं रूपच बदललं. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतू सुरू झाला: शिवडीपासून चिर्ल्यापर्यंत पावणेबावीस किलोमीटर, त्यातला साडेसोळा किलोमीटर तर नुसत्या पाण्यावर. पूर्वी मुंबईला जायचं म्हणजे हार्बरची लोकल, सीएसएमटीपर्यंत सव्वा-दीड तास. आता गाडीने पूल ओलांडला, शिवडीला उतरलं, ईस्टर्न फ्रीवे धरला की पी. डिमेलो रोड, आणि तिथून बॅलार्ड पियर जवळच. रस्ता मोकळा असेल तर तासाभराचं काम. पण पुलावर रिक्षा आणि स्कूटर चालत नाही, आणि टोल आहे. लोकलने जाणार असाल तर सामान कमी ठेवा. सीएसएमटीहून पुढे टॅक्सी करता येते.

आणि विमानतळ! उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली, तेव्हा कुठे ही धावपट्टी झाली. त्या गावांतल्या बायका आमच्या बाजारात मासे आणि भाजी घेऊन यायच्या, त्यांतल्या कितीतरी आता दिसत नाहीत. ते एक मनाला लागतंच. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून, ऐन नाताळात, विमानं उडू लागली. सुरुवातीला तर फक्त सकाळी आठ ते रात्री आठ एवढ्याच वेळात.

इथे एक गोष्ट जपून करा. तिकीट काढताना नुसतं 'मुंबई' बघू नका. मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. जुन्याची खूण तिकिटावर 'बीओएम', नव्याची 'एनएमआय'. आमच्याकडे यायचं असलेली एक मैत्रीण जुन्यावर उतरून "मी पोचले, या घ्यायला" म्हणाली, तेव्हा आम्ही नव्याच्या दारात गाडी घेऊन उभे! घरी हसण्यावारी गेलं, पण बोट पकडायची असती तर हसू आलं नसतं. गोव्यालाही तसंच आहे. दाबोळीचा जुना आणि २०२३च्या जानेवारीत सुरू झालेला मोपाचा नवा. जहाज लागतं मुरगाव बंदरात. तिथून दाबोळी अगदी हाकेच्या अंतरावर, आणि मोपा पार पेडण्याच्या टोकाला, दीड-दोन तास सहज जातात. परतीचं विमान कुठून आहे ते न बघता उतरलात तर टॅक्सीतच निम्मी सहल संपेल.

वन्सं यंदा दोन दिवस आधी नव्या विमानतळावर उतरल्या. मी स्वतः आणायला गेले होते. आणि आदल्या रात्री मी जे केलं त्याला घरातून बराच विरोध झाला. मी फोर्टात हॉटेल घेतलं.

"घर एका तासावर असताना हॉटेल?" हे म्हणाले. "पैसे काय झाडाला लागलेत?"

मी वही पुढे केली. सासूबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या, गुडघे धरलेले, चाकाच्या खुर्चीशिवाय लांब चालवत नाही. त्यांना घेऊन निघायचं म्हणजे तासाचे तीन तास. पुलावर एखादा अपघात झाला, कुठे मोर्चा निघाला, की तेवढंच. आणि शेवटचं कारण मी सरळ बोलून टाकलं: "मला एक रात्र हवी आहे, जिच्यात मी मटकी भिजत घालणार नाही."

कुणी काही बोललं नाही. वन्सं मात्र खळखळून हसल्या. म्हणाल्या, "वहिनी, तीन वर्षांपूर्वी हेच सांगितलं असतं तर मीच घेतलं असतं हो हॉटेल!"

तर हॉटेलबद्दल. धक्क्याजवळच हवं असं नाही. फोर्ट, सीएसएमटी, चर्चगेट, कुठूनही दहावीस मिनिटांत पोचता येतं. फक्त रद्द केलं तर पैसे परत मिळतील असंच घ्या, दोन-चारशे रुपये जास्त पडले तरी. हॉटेलची खोली सोडायची वेळ अकरा-बारा, आणि जहाजावर घेतात दुपारनंतर, म्हणजे मधे दोन तास लोंबकळत राहतात. पैसे भरतानाच विचारून ठेवा, सामान खाली ठेवू द्याल का, म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा आहे का. बहुतेक ठेवू देतात. उतरताना याच्या उलट. जहाज सकाळी धक्क्याला लागतं, नऊ-दहापर्यंत खोली रिकामी करायची, आणि गोव्याच्या हॉटेलात खोली मिळणार दुपारी दोनला. त्या वेळात कुठे देवदर्शन, कुठे जेवण, असं ठरवून ठेवलं म्हणजे बसस्टँडवर बसल्यासारखं होत नाही. ज्यांना त्याच दिवशी विमान आहे त्यांनी ते दुपारी दोनच्या आधीचं घेऊच नये. जहाज वेळेवर आलं तरी सामान आणि रांगा यांत सकाळ जाते.

सामानाचं सांगते. मोठी बॅग धक्क्यावरच देऊन टाकायची असते, ती खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते. तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या, डोळ्याचे थेंब, चष्मा, एक साडी आणि ओळखपत्र पर्समध्येच. आधारवर जे नाव आहे तेच, त्याच स्पेलिंगने तिकिटावर हवं; लग्नाआधीचं नाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे, हा आपल्या बायकांचा घोळ आधीच मिटवा. इस्त्री आणि पाणी तापवायची किटली जहाजावर चालत नाही. घरचे पदार्थही बहुतेक नेऊ देत नाहीत, तेव्हा चिवडा-लाडवाचा डबा करण्यात रात्र घालवू नका. बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधी घ्यावी. लागल्यावर घेतली तर फारसा उपयोग होत नाही. खोली जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची मागितली तर हेलकावे कमी जाणवतात. आणि चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगावं, आयत्या वेळी नाही.

परदेशची बोट घेणाऱ्या मैत्रिणींसाठी एकच गोष्ट. सिंगापूरहून निघणारी जहाजं मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला येतात. मलेशियाने आपल्याला १ डिसेंबर २०२३पासून व्हिसा माफ केला आहे, तरी ती सवलत किती काळाची आहे ते निघताना बघा. सिंगापूरला मात्र तुम्ही दोनदा शिरणार, तेव्हा तिथला व्हिसा एकदाच्या प्रवेशाचा नाही ना, ते आधी पाहा. आणि परक्या देशात तर आदल्या रात्रीचा मुक्काम हवाच हवा.

असो. बॅलार्ड पियरला यंदा आम्ही साडेबारालाच हजर. २० सप्टेंबर २०२५ला तिथल्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं आहे. बहात्तर काउंटर, गार हवा, चकचकीत फरशी, विमानतळासारखंच. सासूबाईंना ते फारसं आवडलं नाही. "इथे माशांचा वास कसा नाही गं?" म्हणाल्या. याच धक्क्यावर एके काळी विलायतेच्या बोटी लागत, आगगाडी थेट धक्क्यापर्यंत येत असे, आणि गोलमेज परिषदेहून परतलेले गांधीजी १९३१च्या डिसेंबरात इथेच उतरले होते. हे मी त्यांना सांगत होते, पण त्यांचं लक्ष लेकीच्या हाताकडे. तो त्यांनी हॉटेलातून निघाल्यापासून सोडला नव्हता.

एक गोष्ट मी अजून लिहिली नाही. मधल्या तीन वर्षांत सासूबाईंचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण काचबिंदूने एक डोळा घेतला आणि दुसऱ्याने नुसता उजेड-अंधार कळतो. गेल्या खेपेला त्यांना सगळं दिसत होतं आणि दाखवायला लेक नव्हती.

पाच वाजता जहाज हललं. आम्ही खुर्ची कठड्याशी नेली. वन्सं त्यांच्या कानाशी वाकून सांगू लागल्या. "आई, आता धक्का सुटला. डाव्या... नाही, उजव्या हाताला ताज दिसतंय, गेटवे दिसतोय. सूर्य इमारतींच्या मागे गेलाय. मागे लांबवर पूल दिसतोय गं, वहिनींच्या पनवेलचा." मग अंधार पडला. "प्रॉन्ग्सचा दिवा. आता तो पुढचा, तो खांदेरीचा असेल."

"खांदेरीचा दिवा आला की आमची आई जेवायला काढायची," सासूबाई म्हणाल्या. "दहीभात आणि लोणचं. त्याच्या पुढे गेलं की बोट हलते, मग पोटात काही राहत नाही." आणि थोडं थांबून, "हलतेय का गं?"

फारशी हलत नव्हती. एवढ्या मोठ्या जहाजाला काय होतं! पण वन्सं म्हणाल्या, "हो, हलतेय." सासूबाई खूश झाल्या.

गोव्याला तीन दिवस राहून आम्ही गाडीने परतलो. विमानाने येता आलं असतं, पण मांडवी एक्सप्रेस मडगावहून सकाळी निघते आणि थेट पनवेलला थांबते. दारातून दारात, खिडकीतून कोकण, आणि त्या गाडीतलं खाणं तर तुम्हाला ठाऊकच आहे. ज्यांचं घर कोकण रेल्वेच्या वाटेवर आहे त्यांनी परतीला विमानाचा हट्ट धरू नये, असं माझं मत.

वन्सं पुढे चार दिवस आमच्याकडे राहिल्या. पहिल्या रात्री आम्ही पोचलो ते दमून, मी तशीच आडवी झाले. सकाळी उठून ओट्यापाशी गेले, तर पातेल्यात मटकी भिजलेली होती.